फळ्यावरची हिमनदी: सायबेरियातल्या कोदार रांगेत दहा दिवस

दिवस पहिला: रात्रीची गाडी

सेवेरोबायकाल्स्कला संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा बैकालचं पाणी अजून चकाकत होतं. जुलैतला सूर्य इथे लवकर मावळत नाही. आमची गाडी पूर्वेकडे, बैकाल-आमूर मुख्य मार्गावरून निघाली. रशियन लोक त्याला नुसतं ‘बाम’ म्हणतात. तायशेतपासून प्रशांत महासागरावरच्या सोवेत्स्काया गावानपर्यंत साधारण 4,300 किलोमीटरचा हा लोहमार्ग आहे. आम्हाला त्याच्या 1,719व्या किलोमीटरवर उतरायचं होतं, नोवाया चारा नावाच्या स्टेशनात.

बरोबर माझा जुना विद्यार्थी होता. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेला आणि तिथेच रमला. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, “सर, तुम्ही फळ्यावर काढायचात ना ते डोंगर, ते खरे आहेत. मी फोटो बघितलेत. चला एकदा.”

सातारा जिल्ह्यातल्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. ‘हिमनदीचे कार्य’ हा धडा आला की रंगीत खडू काढायचो. हिमगव्हर, शुककूट, गिरीशृंग, लोंबती दरी, हिमोढ. खिडकीतून दिसायचा तो बेसॉल्टचा सपाट माथ्याचा सह्याद्री, आणि फळ्यावर टोकदार, पांढरे, कधी न पाहिलेले डोंगर. निवृत्तीनंतर दोनदा हिमालयात जाऊन आलो. पण हिमालय इतका अफाट की त्यात धडा सापडत नाही. एक हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, ओलांडायला अर्धा दिवस जातो आणि आपण कशावर उभे आहोत हेच कळत नाही. कोदारचा नकाशा पाहिला तेव्हा जाणवलं की इथे सगळं आटोपशीर आहे. वर हिमनदी, खाली दरी, दरीच्या तोंडाशी हिमोढ, आणि त्यापुढे चक्क वाळवंट. अख्खा धडा चार-पाच दिवसांच्या चालीत मावतो.

मध्यरात्री सेवेरोमुयस्कच्या बोगद्यात शिरलो. 15 किलोमीटरहून जास्त लांबीचा हा बोगदा 2003च्या डिसेंबरात वाहतुकीला खुला झाला. त्याआधी गाड्यांना डोंगरावरून नागमोडी वळणं घेत जावं लागे. खडकातल्या भेगा, दाबाखालचं गरम पाणी, भूकंपाचा पट्टा, सगळं एकाच ठिकाणी आल्यामुळे तो पुरा व्हायला पंचवीसहून अधिक वर्षं लागली. मी जागा राहून आवाज ऐकत होतो. विद्यार्थी गाढ झोपला होता.

दिवस दुसरा: नोवाया चारा

घड्याळ एक तास पुढे केलं. बुर्यातिया मागे पडून झाबायकाल्स्की प्रांत सुरू झाला होता. सकाळी कुआंदा गेलं. 1984च्या शरदात बामचे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ या भागात एकमेकांना मिळाले. पुढे लेप्रिन्डोची तळी लागली. काळंभोर, शांत पाणी आणि काठाला लार्चची झाडं. या तळ्यांत दावात्चान नावाचा मासा आहे. आर्क्टिककडच्या ‘चार’ नावाच्या माशाचा हा भाऊबंद हिमयुगात इकडे आला आणि बर्फ मागे हटल्यावर या थंड तळ्यांत अडकून राहिला. खिडकीला नाक लावून बघत असताना डावीकडे ढग थोडे वर उचलले गेले आणि कोदार दिसला.

मी काहीच बोललो नाही. विद्यार्थी म्हणाला, “सर, खडू आणायला हवा होता.”

भिंतच होती ती. तळाशी गडद हिरवी, मग करडी, आणि वरती करवतीच्या दात्यांसारखी धार. सर्वांत उंच शिखर 3,072 मीटर, त्याचं नाव याच रेल्वेवरून ‘पिक बाम’ ठेवलंय. हिमालयाच्या हिशेबात ही उंची काहीच नाही. पण पायथ्याचं खोरं जेमतेम 700 मीटरवर आहे, म्हणजे दोन हजार मीटरहून जास्त उठाव एका नजरेत समोर येतो. कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1,646 मीटर. हा नुसता उठावच त्याहून मोठा.

नोवाया चारा हे रेल्वेसाठी वसवलेलं गाव. इमारती खांबांवर उभ्या, कारण खाली गोठलेली जमीन आहे. घराची ऊब जमिनीला लागली तर ती वितळते आणि घर खचतं, म्हणून मधून वारा खेळता ठेवतात. गाव उदोकान रांगेच्या पायथ्याशी, आणि कोदार खोऱ्यापलीकडे वायव्येला. उदोकानात 1949 साली तांब्याचा प्रचंड साठा सापडला. आता तिथे खाण आणि कारखाना चालू झालाय. स्टेशनवर हेल्मेटवाले कामगार भरपूर दिसले, पाठपिशवीवाले आम्ही दोघेच.

दुपारी राष्ट्रीय उद्यानाचा परवाना घेतला. कोदार राष्ट्रीय उद्यान 2018 साली जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे 4,900 चौरस किलोमीटर. कामकाज अर्ध्या तासात उरकलं. मग पुढच्या प्रवासासाठी ‘उराल’ ट्रक ठरवला. चालक इव्हेन्की होता. वय साठीच्या आसपास, बोलणं कमी. त्याने सांगितलं की कोदार हा त्यांच्याच भाषेतला शब्द, अर्थ कडा किंवा कातळ. आपल्याकडे डोंगराला कातळ नाव दिल्यासारखंच झालं. इव्हेन्की लोक पिढ्यानपिढ्या रेनडिअर घेऊन या तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या सूचिपर्णी रानात, फिरत आलेत. जगभर पोचलेला ‘शामन’ हा शब्दसुद्धा इव्हेन्कीच्या तुंगूस भाषाकुळातूनच बाहेर गेला.

दिवस तिसरा: वाळू

हा दिवस मी सावकाश लिहिणार आहे.

गावापासून दहाएक किलोमीटरवर चारा वाळवंट आहे. लांबी सुमारे 10 किलोमीटर, रुंदी 5, आणि टेकड्या 80 मीटरपर्यंत उंच. ट्रक लार्चच्या रानातून, डबक्यांतून, एक ओढा ओलांडत गेला. डास इतके की जाळीची टोपी घालूनही कानात गुणगुण थांबेना. आणि एकाएकी झाडं संपली. समोर पिवळसर वाळूचा उतार, त्यावर वाऱ्याने काढलेल्या बारीक लाटा, आणि त्या वाळूच्या मागे बर्फाचे पट्टे मिरवणारा कोदार. एकीकडे दलदल, एकीकडे वाळवंट, एकीकडे हिमशिखरं, आणि हे सगळं गोठलेल्या जमिनीवर. मी बूट काढून अनवाणी चाललो. वरची वाळू उन्हाने कोमट झालेली, पण हात कोपरापर्यंत खुपसला तर आत ओल आणि गारवा.

लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे पाऊस नसलेला मुलूख. इथे पाऊस आहे, नद्या आहेत, वाळूच्या कुशीत दोन तळीसुद्धा आहेत. मग एवढी वाळू आली कुठून? ती डोंगरातून आली. हिमयुगात कोदारच्या दऱ्यांमधून हिमनद्या थेट या खोऱ्यापर्यंत उतरत. बर्फ खडक घासायचा, बर्फाचं पाणी तो चुरा खाली आणायचं, आणि हिमोढांच्या बांधामागे साठलेल्या पाण्यात, नद्यांच्या पात्रांत तो गाळ बसायचा. पाणी ओसरलं, वाळू उघडी पडली आणि वाऱ्याच्या ताब्यात गेली. वाऱ्याने फक्त तिला आकार दिला.

खिशात भिंग होतं. तळहातावर चिमूटभर वाळू घेऊन बसलो. नुसत्या डोळ्यांना पिवळी दिसणारी वाळू भिंगाखाली फुटून वेगवेगळी झाली. काचेसारखे स्वच्छ दाणे गारगोटीचे. त्यांच्यात गुलाबी, दुधाळ, एखादी बाजू आरशासारखी सपाट असलेले दाणे फेल्डस्पारचे. मधूनच काळा ठिपका. आणि एक दाणा, डाळिंबाच्या दाण्याचा शंभरावा भाग वाटावा असा लाल. कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू मी अशीच मुलांना दाखवायचो. पण त्या वाळूची कडा लाटांनी झिजलेली असते. या दाण्यांचे कोपरे अजून शिल्लक होते, फार दूरचा प्रवास झाला नव्हता. विद्यार्थ्याने भिंग घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

“सर, म्हणजे ही वाळू म्हणजे तो डोंगरच?”

“तोच. दळून आणलेला.”

पीठ बघितलं, आता जातं बघायचं होतं.

टेकडीच्या माथ्यावर बसून खोऱ्याकडे पाहिलं की दुसरी गोष्ट उलगडते. हे खोरं नदीने कोरलेलं नाही. बैकाल सरोवर ज्या खचदरीत आहे तिचाच हा ईशान्येकडचा हात. जमीन इथे ताणली जातेय, मधला तुकडा खाली बसतोय आणि कडा वर उचलल्या जातायत. वायव्येची कडा कोदार, आग्नेयेची उदोकान. ताण वर्षाला काही मिलिमीटरचा, आपली नखं याहून वेगाने वाढतात. पण तो साठत जातो आणि मग एकदम सुटतो. 27 जून 1957 रोजी या भागात सुमारे 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. मुया भूकंप म्हणतात त्याला. डोंगरात लांबच लांब भेगा पडल्या, उदोकानात एक नवं तळंच तयार झालं. वस्ती विरळ होती म्हणून जगाला फार पत्ता लागला नाही. किल्लारीचा भूकंप 6.2चा होता आणि आपण तो जन्मभर विसरणार नाही. त्या पहाटेनंतर आठवडाभर मी वर्गात काही शिकवू शकलो नव्हतो.

उदोकानात ज्वालामुखीही आहेत, आणि त्यांचा बेसॉल्ट. या परक्या मुलखात आपला काळा दगड आहे हे कळल्यावर उगाच बरं वाटलं. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला भूशास्त्राच्या मानाने अगदी अलीकडचा.

दिवस चौथा: दरीच्या तोंडाशी

ट्रकने मधल्या सकुकान नदीच्या दरीत जमेल तेवढं आत सोडलं. वाटेत मोठमोठ्या धोंड्यांचे, मातीचे, गवताने झाकलेले उंचवटे लागले. हिमोढ. जुन्या हिमनदीने जिथे ओझं टाकलं ती जागा. ट्रक त्यांच्यावरून हेलकावे खात गेला आणि मी मनातल्या मनात आकृतीवर नाव लिहीत गेलो.

नदीच्या पात्रात अजून बर्फ होता. जुलैत! हा हिमनदीचा बर्फ नाही. हिवाळ्यात पात्र तळापर्यंत गोठतं, खालून येणारं झऱ्याचं पाणी फटीतून वर येतं आणि थरावर थर गोठत जातो. रशियन शब्द ‘नालेद’. कडेला तो माणसाच्या उंचीचा, आतून निळसर आणि थरांचा होता, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा. खालून पाणी ठिबकत होतं.

चालकाने हिवाळ्याचं सांगितलं. चारा गावाचं जानेवारीतलं सरासरी तापमान उणे 33 अंशांच्या आसपास असतं. तेव्हा जड थंड हवा खोऱ्यात साचते आणि डोंगरउतार तळापेक्षा उबदार राहतात. आपल्याकडे महाबळेश्वरपेक्षा खालच्या खोऱ्यात कधीकधी पहाटे जास्त थंडी पडते, तोच प्रकार, पण कितीतरी अधिक तीव्र. म्हणून त्याच्या वडिलांच्या वेळी हिवाळी तळ नदीकाठी कधीच टाकत नसत, थोडा वर टाकत.

संध्याकाळी जुन्या, सोडून दिलेल्या हवामान केंद्राच्या लाकडी घरात मुक्काम केला. येणारेजाणारे तिथे लाकडं, काडेपेटी, मीठ ठेवून जातात. आम्ही मेतकुटाची पुडी ठेवली, चिठ्ठीवर रशियनमध्ये ‘भातावर घालून खा’ असं लिहून.

दिवस पाचवा: पाऊस

दिवसभर पाऊस. सकुकान तांबूस झाली आणि दगड गडगडण्याचा आवाज घरात येऊ लागला. ओढे ओलांडणं शक्य नव्हतं. चुलीपाशी बसून दशम्या आणि ‘ग्रेच्का’, म्हणजे शिजवलेला कुट्टू, खाल्लं, कपडे वाळवले.

क्रोपोत्किनविषयी बोलणं निघालं. विद्यार्थ्याला तो अराजकवादी विचारवंत म्हणून माहीत होता. भूगोलातलं त्याचं काम त्याने ऐकलं नव्हतं. 1866 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तरुण प्योतर क्रोपोत्किन लेना नदीच्या खोऱ्यातल्या सोन्याच्या खाणींपासून चिता शहरापर्यंत वाट शोधत निघाला. खाणींना गुरं न्यायला रस्ता हवा होता. कोदारच्या शेजारच्या पातोम डोंगराळ प्रदेशातून आणि मुयाच्या बाजूने जाताना त्याने गुळगुळीत घासलेले, ओरखडे पडलेले खडक आणि भलत्याच ठिकाणी येऊन पडलेले धोंडे पाहिले. इथे एके काळी हिमनद्या होत्या, असं तो ठामपणे सांगू लागला. इतक्या कोरड्या थंडीत हिमनदी साठेलच कशी, असं तेव्हा बहुतेक जाणकार म्हणत. पुढे राजकीय कामासाठी त्याला पकडलं आणि हिमयुगावरचा त्याचा ग्रंथ त्याने पीटर्सबर्गच्या किल्ल्यातल्या कोठडीत बसून लिहिला.

मी वर्गात हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

दिवस सहावा: संगमरवरी घळ

पहाटे आभाळ मोकळं झालं. ओढे उतरले होते. मांडीपर्यंत पाण्यातून दोन वेळा ओलांडलं, काठीवर भार टाकत, दोराला धरून. पाणी इतकं गार की पलीकडे गेल्यावर पाय आपले आहेत की नाही हे हाताने चाचपावं लागलं.

दरी आता स्पष्ट ‘यू’ आकाराची. तळ सपाट, बाजू उभ्या, आणि वरच्या बाजूने लोंबत्या दऱ्यांतून पाणी कोसळणारं. इथपर्यंत मी आनंदात होतो. मग डावं-उजवं करत एका फाट्याने वर चढलो आणि वाटेवर गंजलेली काटेरी तार लागली.

या जागेला रशियनमध्ये मार्मर्नोये उश्चेल्ये म्हणतात, संगमरवरी घळ. 1948च्या सुमारास इथे युरेनियमचा मागमूस लागला. सोव्हिएत संघाला अणुबाँब बनवायचा होता, खनिज हवं होतं, आणि ते जिथे दिसेल तिथे माणसं पाठवली जात होती. 1949 ते 1951 इथे कैद्यांची छावणी होती, बोरलाग नावाची. साठा फारसा निघाला नाही, छावणी बंद झाली. दोन हिवाळे. दोन दिवसांपूर्वी उणे 33 हा आकडा मी वहीत टिपून घेतला होता, आकृतीखाली आकडे लिहितात तसा. घळीत उभं राहून तोच आकडा परत वाचला.

ओंडक्यांच्या बराकी अजून उभ्या आहेत. काहींची छपरं बसलीत. झाडं उगवलीत आत. कड्याच्या कडेने दगड रचून केलेला रस्ता आहे, आणि ते दगडकाम पाहून माझ्या तोंडून आपसूक “चोख” असा शब्द निघाला. नंतर त्या शब्दाची मला लाज वाटली. कुणी रचलं होतं ते, कुठल्या अंगावर कुठले कपडे घालून.

एका बराकीच्या भिंतीपाशी मी बराच वेळ थांबलो. लार्चचे ओंडके वयाने रुपेरी झालेले. दोन ओंडक्यांच्या मधली फट शेवाळाने बुजवलेली होती, वारा आत येऊ नये म्हणून. सत्तरहून जास्त वर्षांनी ते शेवाळ तपकिरी, कोरडं, पण जागच्या जागी. बोटाने नीट दाबून, ठासून भरलेलं. एके ठिकाणी फट मोठी होती, तिथे शेवाळाऐवजी कापडाची चिंधी. तिची वीण अजून दिसत होती, उभे-आडवे धागे मोजता आले असते. मी हात लावला नाही.

चालकाने निघतानाच बजावलं होतं: बोगद्यांत शिरायचं नाही, दगड उचलायचे नाहीत, तिथलं पाणी प्यायचं नाही. आम्ही पाळलं. घळीच्या वरच्या अंगाला कडा इतका देखणा की एरवी मी तासभर चित्र काढलं असतं. वही उघडली, तारीख टाकली आणि मिटली. विद्यार्थी एकटाच तारेच्या कडेने चालत गेला. परत आला तेव्हा त्याने विचारलं, “सर, नकाशावर हे कसं दाखवायचं?” मला सुचलं नाही. रात्री तंबूत बोललो नाही फारसं.

दिवस सातवा: जातं

पहाटे चारलाच उजेड. आझारोवा हिमनदीकडे निघालो. लार्च मागे पडलं, मग जमिनीसरपट वाढणारा सायबेरियन बुटका पाइन लागला. त्याच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याखाली आडव्या होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उठतात. त्यातून वाट काढणं म्हणजे करवंदीच्या जाळीतून जाणं. मग फक्त दगडफूल, रेनडिअर खातात ते पांढरं दगडफूल, आणि शेवटी नुसते धोंडे. धोंड्यांमधून शिट्ट्या येत होत्या. पायका नावाचा छोटा प्राणी, सशाचा नातलग, गवत वाळवून दगडाखाली हिवाळ्याची बेगमी करतो. उन्हात पसरलेली त्याची मूठभर वैरण पाहिली. घरी आजी अंगणात कुरडया वाळत घालायची, तशीच नीटनेटकी.

हिमोढाच्या शेवटच्या चढावर छातीत धाप भरली. विद्यार्थ्याने नाडी बघितली आणि सक्तीने वीस मिनिटं बसवलं. डॉक्टर बरोबर असल्याचा फायदा.

मग वर पोचलो.

हिमगव्हर. तीन बाजूंनी अर्धगोल कडे, आरामखुर्चीच्या पाठीसारखे. खुर्चीत बर्फ बसलेला. मागच्या दोन गव्हरांनी दोन्हीकडून खात खात डोंगराची धार केलेली, ती शुककूट. तिच्या टोकाला सुळका, ते गिरीशृंग. पायाशी आम्ही चढून आलो तो हिमोढ, आणि त्याच्या आत दुधी हिरव्या पाण्याचं छोटं तळं. काही सांगायचं राहिलं नव्हतं. मी बोट दाखवत एकेक नाव मोठ्याने म्हटलं. विद्यार्थ्याने प्रत्येक नाव माझ्यामागून म्हटलं, तो नववीत म्हणायचा तसं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

कोदारमध्ये अशा चाळीसेक छोट्या हिमनद्या आहेत. त्यांचा शास्त्रीय अभ्यास 1950च्या दशकाच्या अखेरीस, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, भूगोलतज्ज्ञ व्ही. एस. प्रिओब्राझेन्स्की यांनी केला. हवामान इतकं कोरडं असूनही बर्फ टिकतो, कारण वारा आणि हिमलोट आजूबाजूचं हिम आणून या सावलीतल्या गव्हरांत टाकतात. क्रोपोत्किनला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे समोरच होतं. पण हा बर्फ झपाट्याने चाललाय. 1995 ते 2010 या पंधरा वर्षांत इथल्या उघड्या बर्फाचं क्षेत्र सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. ते समजायला आकड्याची गरजही नव्हती. जुना हिमोढ आणि आजचा बर्फ यांच्यात बरीच मोकळी, नुकतीच उघडी पडलेली जमीन होती. त्यावर दगडफूलही धरलेलं नव्हतं.

बर्फाच्या कडेला गुडघ्यावर बसलो. खालून निघणारं पाणी ओंजळीत घेतलं. पांढुरकं, तांदळाच्या धुवणासारखं. ते तळाच्या खडकाचं पीठ. शेजारी ग्रॅनाइटचा एक ताजा फुटलेला धोंडा होता. भिंग काढलं. गारगोटी, गुलाबी फेल्डस्पार, काळे ठिपके. चार दिवसांपूर्वी तळहातावर होते तेच दाणे, इथे अजून एकमेकांना घट्ट धरून बसलेले.

उतरताना पलीकडच्या कड्यावर हिममेंढ्या दिसल्या, पाच. कोदारची ही मेंढी बाकीच्या जातभाईंपासून तुटून इथेच राहिलीय. त्या आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग कुठलाही आवाज न करता धारेपलीकडे गेल्या.

दिवस आठवा आणि नववा

परतीची चाल. गुडघा दुखू लागला म्हणून हवामान केंद्रापर्यंतच्या वाटेला दोन दिवस घेतले. मेतकुटाची पुडी अर्धी संपली होती! चिठ्ठीखाली कुणीतरी ‘स्पासिबा’, म्हणजे धन्यवाद, लिहून शेंगदाण्याची एक पुडी ठेवली होती.

दिवस दहावा

ट्रक ठरल्या वेळी आला. स्टेशनवर गाडीला तीन तास होते. चालक गेला नाही, आमच्याबरोबर बाकावर बसला. त्याने विचारलं, विद्यार्थ्याने मराठीत सांगितलं: “सर, ते विचारतायत, तुमच्या डोंगरावर बर्फ नाही, तर उन्हाळ्यात नद्यांना पाणी कुठून?”

मी वही काढली. आडवी रेघ समुद्राची. त्यातून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा कडा, वर सपाट माथा. डावीकडून ढग काढले, बाण काढले. माथ्यावर आडवे-तिरपे पावसाचे फटकारे. विद्यार्थी भाषांतर करत होता आणि मी सांगत होतो: चार महिने पाऊस, आठ महिने त्याची आठवण. पाणी दगडाच्या भेगांत, थरांमधल्या मातीत राहतं आणि झऱ्यांनी सुटतं. मार्चपासून कित्येक ओढे कोरडे पडतात. या एका डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. इकडचा थेंब शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्रात, आणि तिकडचा कृष्णेतून अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात.

“किती लांब?”

“तेराशे-चौदाशे किलोमीटर.”

त्याने मान हलवली आणि दोन्ही बाण बोटाने गिरवून बघितले. मग माथ्यावरच्या पावसाच्या रेघांवर बोट ठेवून काहीतरी विचारलं.

“सर, ते म्हणतायत, इथे लोक राहतात का? एवढ्या पावसात?”

“मी राहतो,” मी म्हटलं.

पान फाडून त्याला दिलं. त्याने ते चौघडी केलं नाही, जपून सरळच धरलं, आणि ट्रककडे जाऊन समोरच्या काचेवरच्या झडपेला खोचून ठेवलं. गाडी हलली तेव्हा काचेतून तो दिसत होता, आणि त्याच्यामागे कोदार.